नवकोट नारायण आजच्या भावाने किती कोटींचा?

मोजपट्टी (धागाकर्ता), रविवार सकाळी ९:१०

"पूर्वीचा लखपती म्हणजे आजचा करोडपती" हे वाक्य मुंबईत लग्नाच्या पंगतीपासून लोकलच्या खिडकीपर्यंत कुठेही ऐकायला मिळतं. म्हणजे शंभर पट. गंमत अशी की एका मापाने ते जवळजवळ तंतोतंत बरोबर आहे, आणि बाकीच्या तीन मापांनी साफ चूक. १९६० चा एक लाख घेऊन हिशोब मांडतो, चुकलं तर कान पकडा.

पहिलं माप भावाचं. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक १९६० = १०० पासून सलग नेता येतो, फक्त पायावर्ष बदललं तिथे जोडगुणक वापरावा लागतो. १९६० वरून १९८२ च्या पायावर येताना ४.९३, तिथून २००१ वर येताना ४.६३, आणि २००१ वरून २०१६ वर येताना २.८८. डिसेंबर २०२४ चा आकडा १४३.७. उलटं चढत जायचं: १४३.७ × २.८८ = ४१३.९, त्याला ४.६३ ने गुणलं की १९१६, त्याला ४.९३ ने गुणलं की ९४४७. म्हणजे ९४.५ पट. १९६० चा लाख = आजचे साडेचौऱ्याण्णव लाख. पंगतीतले काका बरोबर.

दुसरं सोनं. १९६० ला १० ग्रॅम सुमारे ११२ रुपये, २०२४ अखेरीस ७७,००० च्या आसपास. लाखात तेव्हा ८.९ किलो सोनं येत होतं, २०२४ अखेरीस तेवढ्याला पावणेसात कोटींच्या वर मोजावे लागले असते.

तिसरं दरडोई उत्पन्न. १९६०-६१ चं राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १७,००० कोटी, लोकसंख्या त्रेचाळीस-साडेत्रेचाळीस कोटी, म्हणजे माणशी ३९० च्या आसपास. तेव्हाचा लाख म्हणजे २५५ माणसांचं वर्षाचं उत्पन्न. २०२४-२५ चे ३३१ लाख कोटी भागिले १४१ कोटी, माणशी २ लाख ३५ हजार. २५५ माणसांचे होतात सहा कोटी.

चौथं, देशाच्या एकूण उत्पन्नातला हिस्सा. तो तेवढाच ठेवायचा तर लाखाचे आज साडेएकोणीस कोटी हवेत.

साडेचौऱ्याण्णव लाख, सहा कोटी, पावणेसात कोटी, साडेएकोणीस कोटी. घ्या हवं ते.

शंकासूर, रविवार सकाळी ९:५२

मोजपट्टीसाहेब, पोत्यातून चार मांजरं काढलीत. यातलं खरं कुठलं? सरकारचा निर्देशांक असताना बाकीची मापं कशाला? महागाई म्हणजे महागाई.

मोजपट्टी, रविवार सकाळी १०:२०

कोणाची महागाई, हा प्रश्न आधी. या निर्देशांकाची टोपली कामगाराच्या घरची आहे. २०१६ च्या पायावर त्यात अन्न-पेयांचा भार ३९.१७, घराचा १६.८७. आणि घर म्हणजे भाडं, तेही सहा महिन्यांतून एकदा, जानेवारी आणि जुलैला मोजलेलं. घर विकत घेणं त्यात नाहीच, जमीन नाही, शेअर नाहीत. गरीब-मध्यम घराचा महिना किती महागला हे सांगायला ती उत्तम. पण लखपतीच्या घरात तांदूळ-तेल-कापड पहिल्या काही हजारांतच संपतं. त्यापुढचा पैसा तीन गोष्टींत जातो: जमीन, धंद्याची मालकी आणि दुसऱ्यांची मेहनत.

मेहनतीचंच बघा. १९६० चा लखपती २५५ माणसांना देशाच्या सरासरीइतकं वर्षभर देऊ शकत होता. आज साडेचौऱ्याण्णव लाखवाला देईल फक्त ४० जणांना. दोघांची भाजीची पिशवी सारखीच भरते, पण दारात उभी राहणारी माणसं सहापट कमी. 'श्रीमंत' हा शब्द आपण पिशवीवरून वापरतो की दारावरून?

अमेरिकेतलं प्रसिद्ध उदाहरण तेलसम्राट रॉकफेलरचं. १९३७ साली गेला तेव्हा संपत्तीचा अंदाज १.४ अब्ज डॉलर. तिथल्या ग्राहक निर्देशांकाने (१४.४ वरून ३१३.७) २०२४ मध्ये त्याचे तीस अब्ज होतात. आजच्या जागतिक यादीत वर शोधायला गेलं तर सापडणार नाही. पण ते १.४ अब्ज तेव्हाच्या अमेरिकी उत्पन्नाच्या दीड टक्का होते, आणि २०२४ च्या २९ लाख कोटी डॉलरचा दीड टक्का म्हणजे चारशे अब्जांच्या वर. तीस आणि चारशेच्या मधल्या दरीला महागाई म्हणता येत नाही, ती देश वाढल्याची दरी आहे.

सराफकट्टा, रविवार सकाळी ११:०५

सोन्याबद्दल एक दुरुस्ती-वजा-पुरवणी. जुन्या हिशोबात तोळा ११.६६ ग्रॅमचा असायचा, आता बाजारात तोळा म्हणतात तो १० ग्रॅमचा. आजीच्या वहीतला 'शंभर तोळे' आजच्या शंभर तोळ्यांपेक्षा १६६ ग्रॅमनी जड. जुन्या वाटणीपत्रांवरून हिशोब करणारे इथे हमखास घसरतात.

दुसरं, सोन्याचं माप कोणत्या वर्षापासून लावता त्यावर उत्तर फिरतं. १९६४ ला १० ग्रॅम ६३ रुपयांपर्यंत खाली होतं (सुवर्ण नियंत्रणाचे दिवस), १९८० ला १,३३० च्या घरात. पुढे १९८० ते २००० ही वीस वर्षं मात्र सोन्याने रडवलं: १,३३० चे ४,४०० झाले, तीन पटींच्या थोडं वर, आणि त्याच काळात भाव पाच पट झाले. १९८० ला तिजोरी भरून निवांत बसलेला श्रीमंत २००० ला खऱ्या अर्थाने गरीब झालेला होता, फक्त वजन तेवढंच असल्यामुळे त्याला कळलं नव्हतं. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये तोळ्याने लाख गाठला आणि आता लखपती व्हायला एक वळं पुरतं.

गड्डीमोजणार, रविवार दुपारी १२:३१

अवांतर, पण मुंबईचं आहे म्हणून. आपल्याकडे लाखाला पेटी आणि कोटीला खोका म्हणतात. शंभराच्या नोटांत लाख म्हणजे हजार नोटा, दहा गड्ड्या. पाचशेत लाख म्हणजे दोन गड्ड्या, शर्टाच्या खिशात मावतात, पेटी कसली. कोटी पाचशेत २०,००० नोटा, २०० गड्ड्या, वजन वीस किलोच्या वर. खोका हा शब्द मात्र अजून शोभतो.

म्हणजे नावं राहिली, वस्तू आक्रसल्या. एकेकाळी १०,००० ची नोट चलनात होती (१९४६ ला रद्द, १९५४ ला पुन्हा, १९७८ ला परत रद्द), आज सगळ्यात मोठी ५०० ची. १९७८ च्या आधीचा लाख दहा नोटांत बसत असे. म्हणजे तेव्हाही पेटी लागत नव्हतीच, पण ती नोट सामान्य माणसाने पाहिली किती असेल हा प्रश्न वेगळा.

ताळेबंद, रविवार दुपारी २:१५

मोजपट्टींचं गणित बरोबर आहे. पण इथे निम्मे लोक आयकराचा खर्च महागाई निर्देशांक (मालमत्ता विकताना जुनी खरेदी किंमत भावाप्रमाणे वाढवून घ्यायचा आकडा) घेऊन हिशोब करतील, त्यांच्यासाठी दोन सापळे सांगून ठेवतो.

पहिला. या निर्देशांकाच्या दोन मालिका आहेत. जुनी १९८१-८२ = १०० ची, नवी २००१-०२ = १०० ची. २०२५-२६ चा आकडा ३७६ हा नव्या मालिकेतला. १९९०-९१ चा १८२ जुन्यातला. ३७६ ला १८२ ने भागून "पस्तीस वर्षांत फक्त दुप्पट महागाई" असं लिहिणारे लोक कमी नाहीत. बरोबर रीत: जुन्या मालिकेत २००१-०२ चा आकडा ४२६. आधी ४२६ ÷ १८२ = २.३४, मग × ३.७६ = ८.८ पट.

दुसरा सापळा जास्त छुपा. कायद्यातच लिहिलंय की हा निर्देशांक शहरी ग्राहक किंमतवाढीच्या ७५ टक्क्यांच्या हिशोबाने ठरवायचा. पूर्ण महागाई तो कधीच दाखवत नाही. १९९०-९१ ते २०२४-२५ यात तो ८.५ पट देतो, कामगारांचा निर्देशांक त्याच काळात दहा पटींच्या आसपास. सरकार म्हणतं "तुझा नफा महागाईने फुगलाय, मान्य, पण पाऊणच मान्य."

२३ जुलै २०२४ नंतर तर पर्यायच बदलला. आता विक्रीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर, भाववाढीची सूट नाही. त्या तारखेआधी घेतलेली जमीन वा इमारत असेल आणि मालक निवासी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल, तरच जुन्या पद्धतीने (२० टक्के, भाववाढ धरून) हिशोब करून कमी येईल तो भरायची मुभा. २००१ किंवा त्याआधीच्या घराला सोपा आडाखा: विक्री किंमत १ एप्रिल २००१ च्या किमतीच्या ८.३६ पटींपेक्षा जास्त असेल तर १२.५ टक्के स्वस्त, कमी असेल तर २० टक्के. (वि म्हणजे विक्री किंमत, ख म्हणजे २००१ ची किंमत; ०.२० × (वि − ३.७६ख) आणि ०.१२५ × (वि − ख) समान मांडा, निघतं. हे २०२५-२६ पुरतं, आकडा बदलला की पट बदलेल.)

दादरचं जुनं घर धरा, २००१ ची किंमत २० लाख, आज विकलं अडीच कोटींना. साडेबारा पट, म्हणून १२.५ टक्के घ्यायचं: २३० लाखांवर २८.७५ लाख. दुसऱ्या रीतीने १७४.८ लाखांवर ३४.९६ लाख आला असता. २००१ ची किंमत मूल्यांककाकडून काढताना ती त्या तारखेच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. फुगवलेला मूल्यांकन अहवाल इथे आपटतो, आणि जुनी इमारत असेल तर २००१ चं मुद्रांक मूल्य शोधायलाच आठवडा जातो.

मुद्दा धाग्याचा: त्या २३० लाख 'नफ्या'तले ५५ लाख निव्वळ रुपया पातळ झाल्याचे आहेत, तेही पाऊण मापाने. कागदावर तो माणूस तेवढा श्रीमंत झालाय. हातात काही आलेलं नाही.

चाळकरी, रविवार सायंकाळी ५:४०

भाव, सोनं, उत्पन्न सगळं झालं, पण महागाईने अतिश्रीमंताला कसं खाल्लं याचं मुंबईइतकं ठसठशीत उदाहरण दुसरं नाही, आणि ते म्हणजे गिरगाव-लालबागचे चाळमालक.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं. १९४० ला चार चाळींचा मालक म्हणजे शहरातला बडा असामी. भाडं गोठलं, गवंड्याची मजुरी, चुना, लाकूड, पाणीपट्टी गोठली नाही. १९९९ च्या कायद्याने (अंमल ३१ मार्च २०००) वर्षाला ४ टक्के वाढ दिली. पंचवीस वर्षांत ४ टक्क्यांनी होतात २.६७ पट, आणि ताळेबंदांचा तो पाऊण-निर्देशांकसुद्धा ३.७६ पट. म्हणजे सवलत दिल्यावरही मालक मागेच. खोलीचं भाडं २००० साली २५ रुपये असेल तर आज ६७. त्यात महिन्याचा जिना झाडून होत नाही.

पण ती संपत्ती गेली कुठे? हवेत विरली नाही. भाडेकरूच्या हक्कात शिरली. त्याचं नाव पागडी. खोली हस्तांतरित होताना मालकाला साधारण तिसरा हिस्सा, बाकी जाणाऱ्या भाडेकरूला. १९९९ च्या कायद्याने ही देवघेव कायदेशीरही केली. महागाई आणि गोठलेला आकडा एकत्र आले की मालकी कागदावर एकाकडे आणि किंमत दुसऱ्याकडे. हातरुमालाएवढ्या खोलीचा भाडेकरू पुनर्विकासात कोटीच्या घरात जातो आणि मालक विकासकाशी घासाघीस करत बसतो.

त्याच कायद्यात आणखी एक गोठलेला आकडा आहे. भरणा झालेलं भांडवल १ कोटी वा जास्त असलेल्या कंपनीला भाडे नियंत्रणाचं संरक्षण नाही. १९९९ ला कोटीची कंपनी म्हणजे मोठी. १९९९-२००० चा खर्च महागाई निर्देशांक ३८९ (जुन्या मालिकेतला) धरून आजचे चार कोटी दहा लाख होतात. आकडा तोच राहिल्यामुळे आज फोर्टातली मध्यम कंपनीसुद्धा 'बडी' ठरून संरक्षणाबाहेर पडते. भाग भांडवल वाढवण्याआधी जागेचा भाडेकरार काढून बघा, हे सांगायला कोणी सल्लागार विसरला तर नोटीस आल्यावर कळतं.

उलट उदाहरण नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचं, १९७६. मुंबईत मर्यादा ५०० चौरस मीटर. ती रुपयात नव्हती, क्षेत्रफळात होती. म्हणून महागाई तिला शिवूही शकली नाही, २००७ ला राज्याने रद्द करेपर्यंत ती पहिल्या दिवसाइतकीच बोचत राहिली.

शंकासूर, रविवार सायंकाळी ६:१८

चाळकरी, मग गिरण्यांचं काय? गिरणीमालकही बुडालेच ना.

चाळकरी, रविवार सायंकाळी ६:५५

धंदा बुडाला, जमीन तरली. आणि ती कशी तरली ते आकड्यांत बघा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ सांगत होता की गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळ मानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटप फक्त मोकळ्या जमिनीपुरतं उरलं, २००६ ला सर्वोच्च न्यायालयातही ते टिकलं. मालकाचा वाटा फुगला.

राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ ला मुंबई टेक्स्टाइल मिलची जागा ७०२ कोटींना विकली. तीच जागा २०१२ ला २,७२७ कोटींना पुढे गेली. खर्च महागाई निर्देशांक ११७ वरून २००, म्हणजे भावाने ७०२ चे १,२०० व्हायला हवे होते. वरचे दीड हजार कोटी महागाईचे नाहीत, ते परवानगीचे आणि टंचाईचे. अतिश्रीमंती मोजताना हे वेगळं काढायला हवं, नाहीतर सगळं खापर रुपयावर फुटतं.

आकडेमोड, रविवार रात्री ९:०२

चाळकरींच्या शेवटच्या वाक्याला +१. हेच श्रीमंतांच्या याद्यांना लागू होतं. फोर्ब्सची ४०० अमेरिकनांची यादी १९८२ ला निघाली तेव्हा शिरण्याची पायरी ७.५ कोटी डॉलर होती. भावाने ती २०२४ ला साडेचोवीस कोटी डॉलरच्या आसपास यायला हवी. प्रत्यक्षात ३३० कोटी डॉलर. भाव सव्वातीन पट, पायरी ४४ पट.

आपल्याकडे हुरुनच्या यादीची अट १,००० कोटी रुपये. २०१८ ला ८३१ नावं, २०२४ ला १,५३९. अट तीच. खर्च महागाई निर्देशांक २८० वरून ३६३, म्हणजे तीच अट २०२४ ला १,३०० कोटींची हवी होती. हजार ते तेराशेच्या मधली नावं केवळ रुपया हलका झाला म्हणून आत आलीत. बाकीची शेअर बाजारामुळे. सेन्सेक्स जुलै १९९० ला १,०००, जुलै २०२४ ला ८०,०००. ऐंशी पट. त्याच काळात भाव दहा पट आणि देशाचं उत्पन्न सत्तावन्न पट. याद्या सेन्सेक्सवर चढतात-उतरतात, बाजारातल्या कांद्यावर नाही. (मूळ तीस कंपन्यांपैकी बहुतेक आज निर्देशांकात नाहीत, तेव्हा 'शेअर घेऊन विसरून जा' हा अर्थ काढू नका. निर्देशांक आपली मढी वेळेवर उचलतो, माणूस उचलत नाही.)

वर्तमानपत्रांच्या भाषांतरातली एक खोड इथे नोंदवतो. अब्ज म्हणजे शंभर कोटी. 'अब्जाधीश' छापतात तेव्हा बहुधा डॉलरचा अब्ज अभिप्रेत असतो, म्हणजे २०२४ अखेरच्या ८५ च्या दराने ८,५०० कोटी रुपये. १९९० ला डॉलर साडेसतराच्या आसपास होता, तेव्हा तोच शब्द १,७५० कोटींना पुरत होता. एकाच शब्दात दोन चलनांची महागाई कोंबलेली आहे.

कायद्यातल्या गोठलेल्या आकड्यांत भर. बँक ठेवींचं विमा संरक्षण मे १९९३ ला १ लाख झालं आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत तेच राहिलं. मग ५ लाख केलं तेव्हा 'पाचपट वाढ' म्हणून कौतुक झालं. खर्च महागाई निर्देशांकाने (४२६ ÷ २४४) × २.८९ = ५.०५. वाढ नव्हतीच, सत्तावीस वर्षांची झीज भरून काढली इतकंच. उलट, २०१३ च्या अर्थसंकल्पात कोटीच्या वरच्या उत्पन्नावर अधिभार आला तेव्हा देशात तेवढं उत्पन्न दाखवणारे ४२,८०० जण आहेत असं अर्थमंत्री म्हणाले होते. भावाने तो कोटी आज एक कोटी एकाहत्तर लाख हवा. रेषा हलली नाही, माणसं रेषेवर येऊन धडकतायत.

ताळेबंद, रविवार रात्री ९:४०

याच ओळीत मृत्यूकर. १९५३ ला आला, १९८५ ला गेला. वरचा दर ८५ टक्के, २० लाखांच्या वर. वसुली शेवटी वर्षाला जेमतेम वीस कोटींच्या घरात. ते २० लाख आज भावाने सुमारे २ कोटी ४० लाख होतात. न हलवता ठेवला असता तर दादरची प्रत्येक दोन खोल्यांची सदनिका त्या ८५ टक्क्यांच्या जाळ्यात आली असती. संपत्तीकराचंही तसंच: मर्यादा २००९ ला १५ वरून ३० लाख केली, शेअर तेव्हा त्यात नव्हतेच, सोनं, गाड्या, दुसरं घर, ५० हजारांवरची रोकड होती. २०१३-१४ ला सगळ्या देशातून १,००८ कोटी. खरा धनाढ्य शेअरमध्ये, म्हणून बाहेर. लॉकरवाली विधवा आत. २०१५ च्या अर्थसंकल्पात तो गेला.

शंकासूर, रविवार रात्री १०:०५

बरं, व्यावहारिक प्रश्न. 'सात पिढ्या बसून खातील' एवढं म्हणजे किती? शंभर कोटी मुदत ठेवीत टाकले तर?

आकडेमोड, रविवार रात्री ११:१७

बसून खायचं सोडा, उपाशी बसले तरी पुरत नाहीत. ठेवीवर ७ टक्के धरू. शंभर कोटीवाल्याचं व्याजाचं उत्पन्न ७ कोटी, नव्या पद्धतीत त्यावर ३० टक्के कर, २५ टक्के अधिभार, ४ टक्के उपकर, मिळून वरचा दर ३९. हातात ४.२७ टक्के. महागाई ५ धरली तर खरी मिळकत उणे ०.७. पहिल्याच वर्षी सत्तर लाखांची खरेदीशक्ती गेली, आणि पासबुकात मात्र सव्वाचार कोटी वाढलेले दिसतात.

आता सात पिढ्या. पिढी २८ वर्षांची, प्रत्येकाला दोन मुलं. सातव्या पिढीपर्यंत १६८ वर्षं आणि ६४ घरं. उणे ०.७ ने १०० कोटींचे आजच्या मोलाने ३१ कोटी उरतात, भागिले ६४, घरटी ४८ लाख. एक पैसाही खर्च न करता.

गणिताचा गाभा असा: वारस २८ वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला अडीच टक्क्यांनी वाढतात. कर आणि महागाई वजा जाता अडीच टक्के मिळाले तर प्रत्येक घराचा वाटा जेमतेम टिकतो. त्यावर दोन टक्के खाल्ले तर साडेचार लागतात, म्हणजे महागाई ५-६ असताना करानंतर दहाच्या आसपास. ते ठेवीत नाही. धंद्यात किंवा शेअरमध्ये आहे, आणि तिथे बसून राहता येत नाही.

आपल्याकडे 'लाखाचे बारा हजार करणे' म्हणतात ना, वाया घालवणाऱ्या पोराला. वर्षाला ६ टक्के महागाईने बिनव्याजी लाखाचे बारा हजार व्हायला साडेछत्तीस वर्षं लागतात. ७ ने एकतीस. पोराने काही करायचीही गरज नाही.

गिरगाव_ते_गोरेगाव, सोमवार सकाळी ७:५०

उत्तम धागा. शब्दांचा आणखी एक बदल कोणी लिहिला नाही. लखपती हा साठ्याचा शब्द होता: ज्याच्याकडे लाख *आहेत*. सरकारच्या 'लखपती दीदी' योजनेत तो उत्पन्नाचा झालाय: बचतगटातल्या जिच्या घरात वर्षाला लाख वा जास्त *येतात*. महिन्याला साडेआठ हजारही नाहीत. आणि म्हाडाच्या सोडतीत मुंबई महानगरात वर्षाला ६ लाखांपर्यंत कुटुंबाचं उत्पन्न असेल तर गट कोणता? अत्यल्प उत्पन्न. म्हणजे महिन्याला ५० हजार मिळवणारं लखपतीचं सहापट घर मुंबईत कागदोपत्री गरीब. दोन्ही व्याख्या सरकारीच आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

करोडपतीचंही साठा-उत्पन्न होईल, वाट बघा. टीव्हीवरच्या 'कौन बनेगा करोडपती'चं बक्षीस २००० ला एक कोटी होतं, २०१३ ला सात. भाव तेवढ्यात जेमतेम अडीच पट. बाकीचे साडेचार कोटी प्रेक्षकांचा आ वासावा म्हणून.

शंकासूर, सोमवार सकाळी ८:३०

शीर्षकातला प्रश्न राहिला की हो. नवकोट नारायण किती कोटींचा? मी केलं गणित: ९ × ३.७६ = ३३.८४ कोटी. बरोबर?

ताळेबंद, सोमवार सकाळी ८:४४

३.७६ म्हणजे नारायण २००१-०२ ला जन्मला असं धरलंत.

मोजपट्टी, सोमवार सकाळी ९:२६

शब्द तर रुपयाच्या निर्देशांकांपेक्षा कितीतरी जुना. त्याला मूळ वर्ष लावता येत नाही. धाग्यापुरता १९६० चा नारायण घेऊ.

भावाने ८५० कोटी. हुरुनच्या हजारात बसत नाही, दारातून परत. दरडोई उत्पन्नाने ५,४०० कोटी. सोन्याने (२०२४ अखेरच्या भावाने) ६,२०० च्या आसपास. देशाच्या उत्पन्नातल्या हिश्श्याने साडेसतरा हजार कोटी, म्हणजे दोन अब्ज डॉलर.

आणि ज्याने १९६० ला ते नऊ कोटी नोटांच्या रूपात तिजोरीत ठेवले असते, आणि १९७८ च्या नोटाबंदीतूनही सुखरूप बाहेर काढले असते, त्याच्याकडे आज नऊ कोटीच असते. वरळीच्या एखाद्या टॉवरमधल्या तीन बेडरूमसाठी बोलणी सुरू करता आली असती. पार्किंगचे वेगळे.